आवाजाच्या मागे राहणारी गोळी

एप्रिलच्या पहाटे रत्नागिरीजवळच्या एखाद्या आंब्याच्या बागेत उभं राहिलं, की उजाडायच्या सुमाराला कुठून तरी एक ‘ढम्’ ऐकू येतो. समोरच्या कातळाच्या सड्यावर आपटून तो परत येतो, खाडीवरून घरंगळत जातो, आणि मग कलमांमधून वानरांचा कळप फांद्या हलवत पळत सुटतो. गावातल्या माणसाला त्या आवाजाचं नवल नसतं. अमक्याच्या बागेत बार निघाला, एवढं मनाशी म्हणून तो चहाचं आधण ठेवतो.

हा बार बऱ्याचदा ठासणीच्या बंदुकीचा असतो. या बंदुकीत कारखान्यातलं तयार काडतूस जात नाही, प्रत्येक बार हातानं भरावा लागतो. नळीच्या तोंडातून दारू, तिच्यावर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी हे सगळं लोखंडी गजानं ठासून बसवायचं. नळीच्या मागच्या टोकाला तांब्याची छोटी टोपी, म्हणजे केप, बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि नळीच्या तोंडातून पांढऱ्या धुराचा लोट बाहेर येतो. सड्यावर वारा नसेल तर तो धूर बराच वेळ झाडांच्या बुंध्यांशी रेंगाळतो आणि नाकात गंधकाचा वास बसतो. दुसरा बार भरेपर्यंत वानरं पलीकडच्या बागेत पोचलेली असतात.

मराठी भाषेनं ही बंदूक शब्दांमध्ये जपून ठेवली आहे. आपण पिशवी ‘ठासून’ भरतो, कुणाचा ‘बार फुसका’ निघतो, लग्नाचा ‘बार उडतो’. या तिन्हींमागे गज, ओली दारू आणि पेटलेली केप आहे. काडतूस आणि पिस्तूल हे शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आले. रत्नागिरी ज्याच्यावर जगते तो हापूसही त्यांच्याचकडून आला. हापूस आणि काडतूस ही नावं एकाच गलबतातून या किनाऱ्यावर उतरली असं म्हणायला हरकत नाही.

रत्नागिरीच्या शेतकऱ्याला बंदुकीकडून हवा असतो तो आवाज. छर्रा लागला किंवा नाही लागला, बार मोठा व्हायला हवा. जगाच्या दुसऱ्या टोकाला, विशेषतः अमेरिकेत, हजारो हौशी नेमबाज याच्या अगदी उलट गोष्टीमागे असतात. रिकाम्या पुंगळ्या, टोप्या, दारू आणि गोळ्या वेगवेगळ्या विकत आणायच्या आणि घरच्या टेबलावर अशी काडतुसं तयार करायची, की बंदुकीचा आवाज होईल तितका कमी यावा. भारतात परवान्याशिवाय हा छंद करता येत नाही, आणि का करता येत नाही ते पुढे येईलच. पण ‘शांत गोळी’ नावाची वस्तू खरी आहे, तिच्यामागचं विज्ञान सुंदर आहे, आणि तिचा सर्वांत चांगला उपयोग करणारी माणसं घाटाच्या वर, कोल्हापुरात आहेत.

बंदुकीचा आवाज हा एक आवाज नसतो. निदान दोन आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला नळीच्या तोंडाचा. दारू जळून तयार झालेला तापलेला वायू प्रचंड दाबाखाली नळीत कोंडलेला असतो. गोळी बाहेर पडताच तो एकदम मोकळा होतो आणि भोवतालच्या हवेला धक्का देतो. सोडावॉटरच्या बाटलीचं बूच निघताना जे होतं तेच, फक्त कित्येक पटींनी मोठं. दुसरा आवाज खुद्द गोळीचा. गोळी ध्वनीपेक्षा वेगानं जात असेल तर ती जाईल तिथे हवेत एक कडाका उमटवत जाते. नळीपासून दूर, गोळीच्या वाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाला आधी हा कोरडा ‘टाक्’ ऐकू येतो आणि मग मागून नळीचा ‘ढम्’ पोचतो. या दोन आवाजांतल्या अंतरावरून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज बांधायला सैनिकांना शिकवतात.

हा कडाका कसा तयार होतो हे पाहायचं असेल तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जावं. मच्छीमार नौका हळू चालते तेव्हा तिच्या पुढ्यातलं पाणी आधीच बाजूला सरत राहतं. तीच नौका पाण्याच्या लाटेपेक्षा वेगानं निघाली, की लाटांना पुढे पळायला सवडच मिळत नाही. त्या नौकेच्या नाळेपाशी साचतात आणि दोन्ही बाजूंना पाचरीसारखी एक तिरकी लाट पसरत जाते. गोळीच्या टोकाशी हवेचं हेच होतं. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ एर्न्स्ट माख याच्या सांगण्यावरून पेटर झाल्खर यानं १८८६ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फ्यूमे गावी उडत्या गोळीचं छायाचित्र घेतलं. त्यात गोळीभोवती पसरलेली ती अदृश्य पाचर पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांना दिसली. ध्वनीच्या वेगाच्या पटीत मोजलेल्या वेगाला आज जगभर माखचं नाव आहे.

प्रयोगशाळेत न जाताही हा कडाका महाराष्ट्रातल्या लहान मुलानं ऐकलेला असतो. दारात पोतराज येतो, अंगाभोवती आसूड फिरवतो आणि झटका देतो. त्या वेळी जो ‘फाट्’ आवाज होतो तो आसूड अंगावर आपटल्याचा नसतो. आसुडाची लाट मुठीपासून बारीक होत टोकाकडे धावते, टोकाशी तिचा वेग ध्वनीच्याही पुढे जातो आणि हवा फाटते. दारूचा कण नसताना झालेला तो छोटा ध्वनिस्फोट आहे.

गोळी शांत करण्याची पहिली अट त्यामुळे सरळ आहे. तिचा वेग ध्वनीच्या अलीकडे ठेवायचा, म्हणजे दुसरा आवाज निर्माणच होत नाही. अशा गोळीला इंग्रजीतला ‘सबसॉनिक’ हा शब्द सगळीकडे रुळला आहे. पण ‘ध्वनीचा वेग’ हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही, आणि इथे गोष्ट फार रंगतदार होते. शून्य अंश तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो, आणि दर अंशामागे हा वेग साधारण ०.६ मीटरनं वाढतो. रत्नागिरीत मे महिन्याच्या दुपारी, पारा ३३ अंशांवर असताना, तो ३५१ मीटरच्या आसपास असतो. लडाखमध्ये हिवाळ्यात उणे १५ अंशांत तो ३२२ पर्यंत उतरतो. आता सेकंदाला ३३५ मीटर वेगाची एक गोळी घ्या. मे महिन्यात रत्नागिरीच्या भाट्याच्या किनाऱ्यावर ती गुपचूप जाईल. तीच गोळी, त्याच बंदुकीतून, त्याच वेगानं हिवाळ्यातल्या लेहमध्ये सुटली तर कडाडत जाईल. याला उंची कारण नाही, थंडी कारण आहे. माणूस समजतो की गोळीचा आवाज बंदुकीत भरलेला असतो. खरं तर त्यातला निम्मा हिशेब बाहेरची हवा करते.

छोट्या बंदुकांमध्ये ज्यांना कार्बाइन म्हणतात त्यांच्याबाबतीत हा हिशेब फार महत्त्वाचा ठरतो. पोलीस ठाण्याबाहेर पहाऱ्यावरच्या शिपायाच्या खांद्याला आखूड, भोकाभोकांच्या नळीची, बाजूनं काडतुसांची पेटी लावलेली बंदूक अनेकांनी पाहिली असेल. इंग्लंडच्या स्टर्लिंग बंदुकीवरून कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ती बनू लागली. तिच्यात रायफलीचं लांब काडतूस जात नाही, पिस्तुलाचं ९ मिलिमीटरचं जातं. गेयॉर्ग लुगर या ऑस्ट्रियन माणसानं विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तयार केलेलं हे काडतूस आजही जगातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं पिस्तुली काडतूस आहे. त्याची नेहमीची, साधारण आठ ग्रॅम वजनाची गोळी ध्वनीच्या थोडी पुढे धावते. मात्र साडेनऊ ग्रॅमची जड गोळी सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास चालते आणि ध्वनीच्या मागेच राहते. कमी वेगामुळे जे गेलं ते वजनानं थोडंफार भरून काढायचं, असा हा व्यवहार.

काही काडतुसं जन्मतःच शांत असतात. अमेरिकी सैन्याचं जुनं .४५ पिस्तुलाचं काडतूस घ्या. त्याची जवळपास १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला २६० मीटरही गाठत नाही. दुसऱ्या महायुद्धात विल्यम गॉडफ्रे डी लायल या इंग्रजानं हे ओळखलं आणि ली-एन्फिल्ड रायफलीच्या सांगाड्यात हे पिस्तुली काडतूस बसवून, नळीच्या तोंडाचा आवाज दाबायला नळीभोवती जाड आवाजशोषक नळकांडं चढवून एक कार्बाइन केली. अशा कार्बाइन जेमतेम सव्वाशे-दीडशे बनल्या. या कार्बाइनचा आवाज इतका कमी होता, की ऐकणाऱ्याला बोल्ट मागे-पुढे केल्याचा खटका जास्त मोठा वाटे.

पिस्तुली काडतूस वापरणाऱ्या या घराण्यातली एक अलीकडची बंदूक महाराष्ट्रात जन्मली. पुण्याच्या पाषाणमधली आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट आणि महूची इन्फंट्री स्कूल यांनी मिळून ९ मिलिमीटरचं एक मशीन पिस्तूल तयार केलं. सैन्याकडून त्याची आखणी लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी केली. जानेवारी २०२१ मध्ये ते देशासमोर आलं. नाव ठेवलं ‘अस्मी’. चार महिन्यांत तयार झालेल्या या बंदुकीचे काही भाग त्रिमिती छपाईनं, म्हणजे थरावर थर चढवत, बनवले होते, आणि एका नगाचा उत्पादनखर्च पन्नास हजार रुपयांच्या आत येईल असा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. गोळीच्या बाबतीत तर पुण्याचं नातं दीडशे वर्षांहून जुनं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. भुसावळजवळच्या वरणगावचा कारखाना १९६४ चा. दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत, आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे.

सैन्याला शांत गोळी का हवी हे वेगळं सांगायला नको. खेळाडूला ती का हवी, हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं.

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथल्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या अंतिम फेरीत उतरला. गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींत मिळून त्यानं ४५१.४ गुण केले आणि कांस्यपदक घेतलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. त्या वेळी रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या या मुलाची छायाचित्रं घरोघर पोचली. त्याच्या रायफलीत काय होतं, हे कुणी फारसं विचारलं नाही. तिच्यात .२२ ची एक इवलीशी गोळी होती. वजन सुमारे २.६ ग्रॅम. आणि ती जाणूनबुजून ध्वनीच्या अलीकडे ठेवलेली होती.

बाजारात .२२ ची वेगवान काडतुसंही मिळतात. ती सेकंदाला ३८० मीटरच्या घरात जातात. मग ऑलिंपिकला जाणारा माणूस मंद गोळी का निवडतो? उत्तर त्या पाचरीत आहे. वेगवान गोळी ध्वनीच्या पुढे निघते, हवेच्या विरोधानं तिचा वेग पडत जातो, आणि लक्ष्याकडे जाताना वाटेत कुठे तरी ती ध्वनीचा उंबरठा उलट ओलांडते. त्या क्षणी तिच्या अंगावरचे दाब जागा बदलतात, धक्क्याच्या लाटा पुढे-मागे सरकतात आणि फिरत जाणारी गोळी किंचित डगमगते. शिकारीत तेवढं खपून जातं. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. आणि अंतिम फेरीत त्या वर्तुळाच्या आतही दशांशांचे गुण मोजतात. तिथे डगमग परवडत नाही. जी गोळी कधी ध्वनीच्या पुढे गेलीच नाही, तिला उंबरठा ओलांडावाच लागत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना खरी वाटत नाही. आडव्या वाऱ्यात .२२ ची वेगवान गोळी मंद गोळीपेक्षा जास्त ढळते. गोळी किती ढळणार हे ती किती वेळ हवेत आहे एवढ्यावरच ठरत नाही. हवेनं तिला किती मागे खेचलं यावर ठरतं. ध्वनीच्या जरा पुढे असलेल्या गोळीला हवा फार जोरात मागे ओढते, म्हणून वारा तिच्याशी जास्त खेळतो. मंद गोळीला ५० मीटर जायला सेकंदाचा सहावा भाग लागतो, तेवढ्यात ती सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते. पण हे खाली येणं दर वेळी सारखंच असतं, आणि दर वेळी सारखी असलेली चूक नेमबाज निशाणीत आधीच दुरुस्त करून ठेवतो.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण करून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि जगज्जेतेपद मिळवलं. भारताच्या महिला नेमबाजाला हे पहिल्यांदाच जमलं. साठ गोळ्यांपैकी निदान सत्तावन्न गोळ्या त्या बटणात. एवढी अचूकता माणसाच्या श्वासात आणि बोटात असते हे खरं, पण गोळ्या एकसारख्या नसतील तर श्वास आवरून काय उपयोग?

म्हणून मोठे नेमबाज काडतुसं विकत घेण्याआधी त्यांची परीक्षा घेतात. इंग्लंड आणि जर्मनीतल्या कारखान्यांमध्ये .२२ ची स्पर्धेची काडतुसं एकेका घाण्यात बनतात, आणि प्रत्येक घाण्याला क्रमांक असतो. खेळाडू आपल्या रायफलीची नळी घेऊन तिथे जातो. नळी शिकंज्यात घट्ट आवळतात, म्हणजे माणसाची चूक हिशेबातून निघून जाते. मग वेगवेगळ्या घाण्यांच्या दहा-दहा गोळ्या ५० मीटरवर सोडून भोकांचा पुंजका मोजतात. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा, पण वेगळ्या घाण्याचा डबा एका नळीला मानवतो आणि दुसरीला मानवत नाही. फरक दोन-तीन मिलिमीटरचा. जो घाणा नळीला मानवला त्याची हजारो काडतुसं खेळाडू एकदम घेऊन ठेवतो. गिरणीत एकदा मनासारखं दळण मिळालं की गृहिणी त्याच गव्हाचं पोतं धरून ठेवते, तशातलाच हा प्रकार.

खेळाडूला इथे हातानं भरायची सोय मात्र नाही. .२२ च्या काडतुसात पेट घेणारं द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या किनारीत सगळीकडे भरलेलं असतं. घोडा त्या किनारीला चेंबवतो, आणि एकदा चेंबलेली किनार पुन्हा वापरता येत नाही. हातानं भरणं जमतं ते मोठ्या काडतुसांत, जिथे टोपी बुडाच्या मध्यावर वेगळी बसवलेली असते. अमेरिकेतले हौशी लोक पिस्तुली कार्बाइनसाठी जे करतात ते या जातीत. त्यांच्यातल्या जाणत्यांनाही एका गोष्टीची सर्वांत जास्त भीती वाटते. शांत गोळीसाठी वेग कमी ठेवायचा म्हणजे दाब कमी ठेवायचा, आणि दाब गरजेपेक्षा थोडा जरी कमी पडला तर गोळी नळीतून बाहेरच येत नाही, अर्ध्यात अडकून बसते. चाप ओढणाऱ्याला ‘फुस्स’ असा हलका आवाज येतो. त्याला वाटतं काडतूस खराब होतं. तो पुढचं काडतूस चढवतो, चाप ओढतो, आणि समोर वाट बंद असलेली नळी त्याच्या हातात फुटते. ठासणीच्या बंदुकीतही हा धोका पिढ्यान्‌पिढ्या आहे. केप वाजली, बार निघाला नाही, आणि घाईत त्याच्यावरच दुसरा बार ठासला गेला. फुसका बार हा शब्द आज हसण्यावारी वापरला जातो, पण ज्यांच्या घरात बंदूक होती त्यांना त्यातलं भय ठाऊक असतं.

बोटांना आणि डोळ्यांना असलेल्या या धोक्याखेरीज कायद्याचाही प्रश्न आहे, आणि तो इथे संदिग्ध नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची, आणि जन्मठेपेपर्यंत वाढू शकणारी शिक्षा आहे. दुसरी एक तरतूद आणखी बोलकी आहे. ‘अग्निशस्त्र’ म्हणजे काय हे सांगणाऱ्या व्याख्येतच बंदुकीचा आवाज किंवा झोत कमी करणारी जोडसाधनं धरलेली आहेत. नुसतं आवाजशोषक नळकांडं, बंदूक जवळ नसली तरी, कायद्याच्या लेखी शस्त्र आहे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी माणसानं १९०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. त्याच तत्त्वावर मोटारीच्या धुरांड्याचा आवाजही दाबतात. मॅक्सिमचे वडील मशीनगनचे जनक. बापानं बंदुकीला अखंड गर्जना दिली आणि मुलानं तिचं तोंड बांधलं.

तोंड बांधलं तरी बंदूक मुकी होत नाही. उघड्या बंदुकीचा आवाज १४० ते १७० डेसिबलच्या घरात असतो, आणि १४० डेसिबलचा एकच दणका कानाला कायमची इजा करू शकतो. चांगलं नळकांडं त्यातले २० ते ३५ डेसिबल कमी करतं. उरलेला आवाजही हातोड्याच्या घावासारखा असतो. चित्रपटात खुनी माणूस पिस्तुलाला नळकांडं लावतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोप मोडत नाही, ती निव्वळ पडद्यावरची सोय आहे. ठासणीच्या बंदुकीचं उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. तिचे छर्रे ध्वनीच्या वेगाच्या आसपासच रेंगाळतात, म्हणजे कडाक्याचा भाग जवळपास नसतोच. तरी सगळी वाडी जागी होते. तो सगळा गडगडाट नळीच्या तोंडाचा.

आणि ती वाडी जागी होणं कामाचं आहे. कोकणात बंदूक वाजली की कुणाची, कुठल्या अंगाला, एवढा अंदाज ऐकणारे लोक बांधतात. पहाटे बागेच्या दिशेनं आला तर राखणीचा. रात्री रानातून, दोनदा आला तर कुणी भेकरामागे किंवा डुकरामागे गेलेलं आहे, आणि ती खबर दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या माणसापर्यंत जायला वेळ लागत नाही. बंदुकीचा आवाज काढून घेतला तर रानाचा एक साक्षीदार जातो. आधीच जाळी, फासे आणि अंधार यांची मदत असलेल्या चोरट्या शिकाऱ्याच्या हातात शांत गोळी पडणं, याहून वाईट गोष्ट सह्याद्रीच्या जनावरांच्या बाबतीत होऊ शकत नाही. शांत गोळी रेंजच्या चार भिंतींत आणि सैन्याच्या कोठारात राहावी, असं त्यामुळे मनापासून वाटतं.

शेतकऱ्याला त्याची बंदूक मिळावी हे कायद्यालाही मान्य आहे. त्याच शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. प्रामाणिकपणे पीक राखायला ती हवी असेल तर परवाना द्यावा, आणि ती पुरी पडत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. या परवान्यात जनावर मारण्याची मुभा मात्र येत नाही. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि त्याला मारायला वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. उरतो तो आवाज. मोहोरापासून आंबा पेटीत जाईपर्यंत बागायतदार आवाजावरच विसंबतो: पत्र्याचे डबे, फटाके, रात्रभर बागेत हाकारे घालणारे नेपाळी राखणदार, आणि बंदूक.

या बंदुकीचं एक दुखणं लोकशाहीच्या वेळापत्रकाशी जोडलेलं आहे. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. सरसकट सगळ्यांच्या जमा करू नयेत, त्यासाठी नेमलेल्या समितीनं प्रत्येकाची छाननी करून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलं आहे. पण लोकसभेची निवडणूक येते तीच मुळी आंब्याच्या दिवसांत. २०१९ मध्ये आचारसंहिता १० मार्चला लागली आणि निकाल २३ मे रोजी आला. २०२४ मध्ये ती १६ मार्चला लागली, रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी मतदान झालं आणि निकाल ४ जूनला लागला. ज्याची बंदूक जमा होते त्याचा अख्खा हंगाम डबे वाजवण्यात जातो. ज्याच्यावर कधी कसला गुन्हा नाही, ज्याच्या घरात ही बंदूक आजोबांपासून आहे, त्याला ऐन मोसमात तिच्याशिवाय ठेवणं हा अन्याय आहे, आणि छाननी मनापासून झाली तर तो टाळता येण्यासारखा आहे.

जूनमध्ये बंदूक परत मिळते. तोवर कलमांवर पानंच उरलेली असतात आणि पहिल्या पावसानं सडा काळा पडलेला असतो. शेतकरी ती प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून एसटीनं घरी आणतो, नळीत चिंधी फिरवून तांबडा गंज काढतो, घोड्याला तेलाचं बोट लावतो. दारूचा डबा चुलीपासून लांब, पण दमट भिंतीपासूनही लांब अशी जागा बघून ठेवतो. गणपती गेले की खालच्या मळ्यातलं भात पिकायला लागेल, आणि रात्री डुकरं उतरतील.